दिवस बुडायच्या आत

साळूबाई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा भूपाल खिडकीतून डोंगराकडेच बघत होता. हे त्याचं रोजचंच झालं होतं. कार्तिक लागल्यापासून दुपार कलली की त्याचं कागदावरचं लक्ष उडायचं, आणि अजिंक्यताऱ्याची सावली उतारावरून खाली सरकायला लागली की हातातला टाक हातातच राहायचा. आधी वरचं चिंचेचं झाड जायचं. मग साळूबाईच्या घराची कौलं जायची, म्हणजे ज्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तो, आई आणि त्रिशला राहत होते तीच कौलं. कचेरीच्या आवारात मात्र तेव्हा लख्ख ऊन असायचं. शिपाई उन्हात पाय पसरून बसलेले असायचे, टांग्यांचं पितळ चमकायचं, आणि अख्ख्या साताऱ्यात एका त्याच्या घरावर दिवस बुडालेला असायचा. शेजारच्या टेबलावरचे नानासो म्हणायचे, "काय रं गड्या, डोंगर पळून जाईल म्हणून राखण करतोस व्हय?" त्यावर भूपाल हसायचा. हसण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा.

कचेरीत बायामाणसं सहसा येत नसत. त्यामुळे साळूबाईला बघून सगळ्यांचेच टाक थांबले. तिला धाप लागली होती. "आवं भूपालराव, बिगीबिगी चला. तुमची आई पडली. न्हाई, लागलं न्हाई तसं, घेरी आली. हाक मारली की डोळं उघडत्यात, पर त्वांडात पाण्याचा थेंब घेईनात." हेडक्लार्कने घड्याळाकडे बघितलं. भूपालने खुंटीवरची टोपी काढली आणि कुणाला काही न विचारता तो बाहेर पडला. थेंब का घेत नाही हे त्याला न सांगताच कळलं होतं. तिच्या लेखी रात्र झाली होती.

चढाचा रस्ता तो झपाझप तुडवू लागला. साळूबाई मागं पडत होती आणि मागूनच बोलत होती, की सूनबाईनं दूध तापवलंय, की वैद्याला बोलवावं का, की तिचा पलटणीतला ल्योक असता तर एव्हाना सायकल हाणून औषध घेऊन आला असता. त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. समोर डोंगर होता. आडवा, काळपट, माथ्यावरच्या तटाला उन्हाची बारीक कड. लोक याच्याकडे बघून अभिमानानं बोलतात, पाहुण्याला आधी डोंगर दाखवतात. भूपालला त्याच्याकडे बघून वाटायचं, हा इथून हलणार नाही, आणि आपल्यालाही हलू देणार नाही. सांगलीला असलं काही आडवं आलं नव्हतं. गावभागातल्या घराच्या मागल्या दारातून कृष्णा दिसायची, नदीपलीकडं ऊस, आणि उसाच्या पलीकडं दिवस बुडायचा तो अगदी सावकाश, सगळ्यांना सांगूनसवरून. संस्थानच्या कचेरीतून तो घरी यायचा तेव्हा लालबुंद सूर्य अजून हातभर वर असायचा. आई पाट मांडून तयार. तो जेवायचा, मग ती जेवायची, भांडी घासून व्हायची, आणि मग दिवस बुडायचा. वडील गेल्यावरही यात खंड पडला नव्हता. दिवस बुडायच्या आत जेवायचं, ही जैनाघरची रीत त्याला कधी बंधनाची वाटलीच नव्हती. विश्रामबागेच्या कॉलेजात असताना मित्र चिडवायचे, तेव्हाही नाही. ज्याला उजेडाची कमतरता नाही त्याला नियमाचं ओझं कुठून जाणवणार?

मग संस्थान विलीन झालं. लोकांनी पेढे वाटले, त्यानेही वाटले. राजाचे कारकून एका रात्रीत सरकारचे कारकून झाले आणि त्याला साताऱ्याचा हुकूम आला. तो आला तो आषाढात, आणि जागा बघायला आई बरोबर आली. इथेच सगळं चुकलं. आज चढ चढताना ती चूक त्याला पुन्हा पहिल्यापासून दिसत होती आणि तिच्यात कुठेही कुणाला दोष देता येत नव्हता. आई नव्याने नांदायला आली त्या साली मोठा पूर आला होता. माळ्यावर कांद्याबटाट्यासारखं बसून तिनं खालून वर येणारं पाणी बघितलं होतं, एकेक पायरी नाहीशी होताना बघितली होती. तेव्हापासून तिच्या लेखी घर म्हणजे आधी उंचवटा, मग बाकी सगळं. साताऱ्यात खालच्या पेठेत चांगली माडीची जागा मिळत होती, दारात नळ, कचेरी हाकेच्या अंतरावर. तिनं उंबरा ओलांडला नाही. "हितं पाणी येतंय का?" असं तिनं त्या घरमालकाला विचारलं, तर तो नळाबद्दल सांगू लागला. मग वर, वर, आणखी वर करत ती डोंगराच्या अगदी पायथ्याला आली आणि साळूबाईच्या परड्यात उभी राहून खाली पसरलेल्या गावाकडे बघत म्हणाली, "हे घे. हितं काय यायची न्हाई बघ किष्णामाई." कृष्णा तिथून कोसभर लांब माहुलीला, खोल पात्रात. नानासोंना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. पण सांगलीचा कुणीही माणूस असता तरी त्यानं हेच केलं असतं. आणि तेव्हा आकाशात नुसते ढग. चार महिने सूर्य कुठं उगवतो आणि कुठं मावळतो हे कुणालाच दिसलं नाही. दिवाळीत आभाळ मोकळं झालं आणि एक दिवस परड्यात तांदूळ निवडत बसलेल्या आईनं मान वर केली, तर दिवस डोंगराआड. ती सूप टाकून उठली, तिला वाटलं आपल्याला डुलकी लागली होती.

पहिले काही दिवस त्यानं हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी पंचांग दाखवलं. सूर्यास्त किती वाजता ते बोट ठेवून दाखवलं. "आई, हे बघ, सहा. अजून दोन तास दिवस आहे." ती पंचांगाकडे न बघता म्हणाली, "आसंल. मला वाचता कुठं येतंय?" त्यानं तिला परड्याच्या टोकाशी नेऊन खालचं गाव दाखवलं, राजवाड्यावर ऊन होतं, तळ्यावर ऊन होतं. "हे ऊन नाही तर काय आहे?" "त्येंचं ऊन हाय ते," ती म्हणाली. "ज्येच्या डोक्यावर त्येचं." त्रिशलाला मात्र ती चारच्या आत हाताला धरून जेवायला बसवायची, सातवा महिना लागला होता तिला. राहिला भूपाल. कचेरी सुटायची दिवेलागणीला. टेबलावर काही खाल्लेलं नव्या साहेबाला खपत नव्हतं, एकाला त्यानं नुसत्या शेंगांवरून उभं केलं होतं. म्हणून एक दिवस भुकेनं कासावीस होऊन घरी आलेल्या भूपालने सरळ सांगितलं, "मला वाढ. मी रात्री जेवणार. हे असं माझ्यानं होणार नाही." त्रिशलाने आईकडे बघितलं. आई उठली. कंदील आणून तिनंच त्याच्या ताटाजवळ ठेवला.

काही बोलली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तर त्यालाही भांडता आलं असतं, त्याच्याजवळ पुष्कळ मुद्दे होते, रात्री आंघोळ करताना तो ते मनात मांडून ठेवायचा. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं नुसतं संध्याकाळचं जेवण सोडलं. सकाळी भाकरी, ती झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. "मी येईपर्यंत थांबू नकोस, तू चारला त्रिशलाबरोबर बसत जा," तो म्हणायचा. "मी कुठं थांबतीय? भूक न्हाई," ती म्हणायची. जन्मभर त्याच्या आधी न जेवलेली बाई, तिचं आता जमत नसेल, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, ही शिक्षा आहे. आपल्याला न बोलता केलेली. रोज रात्री तो जेवायला बसला की ती आतल्या खोलीत आडवी पडलेली असायची, आणि तिच्या जागेपणाचा त्याला आवाज यायचा. घासाला चव राहिली नव्हती. तरी तो जेवायचा, मुद्दाम नीट, ताक मागून घेऊन. मी काही चोरी करत नाही, हे त्याला त्या बंद दाराला दाखवायचं असायचं. घर बदलू या म्हटलं तर पोटुशी बाई घरात असताना चूलबोळकं हलवायचं नाही. बाळंतपणाला त्रिशलाला पलूसला माहेरी पाठवू या म्हटलं तर पहिलटकरणीला आठव्याच्या तोंडावर मोटारीत घालायचं नाही. सगळे रस्ते कुठे ना कुठे बंद. आणि रोज चारला तो कचेरीच्या खिडकीतून आपल्या घरावर रात्र पडताना बघत बसायचा.

आई आतल्या खोलीत घोंगड्यावर होती. त्रिशला उशाशी बसून पदराने वारा घालत होती, थंडीच्या दिवसांत. "आत्ती दळणाचा डबा उचलाय गेल्या आन् तशाच खाली बसल्या," ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते, रडून गेल्यासारखे डोळे. दुधाचा तांब्या शेजारी होता, वर वाटी झाकलेली. भूपाल खाली बसला. आईने डोळे उघडले. नाकाची हाडं वर आली होती, ही कधी आली ते त्याने बघितलंच नव्हतं. "आई, दोन घोट घे." तिने मान हलवली. "औषध समज." पुन्हा मान. "दिवस आहे अजून! खाली ऊन आहे, मी आत्ता उन्हातून आलोय, हे बघ, टोपी तापलीय माझी!" त्याने खरोखरच टोपी काढून तिच्या हाताला लावली. तिने ती चाचपली आणि हसल्यासारखं केलं. "सकाळी घेईन की," ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते. सकाळी. मधे सगळी रात्र पडली होती, आणि हिचं तोंड आत्ताच पांढरं दिसत होतं.

त्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं. आपण काय करतोय हे न ठरवताच तो वाकला, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि जोर लावून उचलायला गेला. एवढा जोर लागलाच नाही. तो मागच्या मागे भिंतीवर आदळला, आई हातात. दोन महिन्यांत ही एवढीशी झाली होती आणि तो ताक मागून घेत होता. "आरं, काय करतोस, खाली ठेव," ती पुटपुटत होती. तो दाराबाहेर पडला. साळूबाई ओरडली, "आवं, कुठं? दवाखाना त्या अंगाला हाय!" "उन्हात!" तो म्हणाला. मागे त्रिशलाच्या जोडव्यांचा आवाज आला. तांब्या घेऊन ती निघाली होती. "तू नगं गं पोरी, उतार हाय," साळूबाई म्हणत होती, पण जोडवी थांबली नाहीत.

उताराच्या बोळात ऊन नव्हतं. वरच्या माड्यांवर होतं, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर होतं, कबुतरांवर होतं, रस्त्यावर नव्हतं. तो एक बोळ उतरला, दुसरा उतरला, ऊन पुढच्या वळणावर दिसायचं आणि तो पोचेपर्यंत पुढे सरकलेलं असायचं. न्हाव्याच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. कुणी वाट दिली, कुणी विचारलं, कुणी हात लावू का म्हटलं. त्याला सगळ्यांचा संताप आला. डोंगराचा तर होताच, तो पाठीमागून चालत आल्यासारखा सावली पुढे ढकलत होता. पंचांगाचा आला, साहेबाचा आला, ज्यांनी विलीनीकरणाचे पेढे खाल्ले त्यांचा आला, आणि हातातल्या या हाडांच्या जुडीचा सगळ्यांत जास्त आला. आई त्याच्या छातीशी डोळे मिटून होती. तिच्या अंगाला तुपाचा आणि राखेचा वास येत होता, लहानपणीचा. धोतराचा सोगा सुटून पायांत आला तरी तो थांबला नाही.

मोती चौकाच्या अलीकडे एका बंद दुकानाचा ओटा होता. त्याच्यावर ऊन होतं. खरं, पिवळं, मावळतीचं ऊन. त्याने आईला ओट्यावर बसवलं, दाराच्या फळ्यांना टेकवलं. तिने उन्हाने डोळे मिचकावले. त्रिशला धापा टाकत आली आणि तिने तांब्या पुढे केला. भूपालने तो आईच्या ओठांना लावला. "बघ. आहे का नाही डोक्यावर? तुझं आहे का नाही हे आता?" तिने वर सूर्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही. "आई!" रस्त्यावरची दोन माणसं थबकली. "आई, पी!" ती बघत होती, नुसती त्याच्याकडे. नाही म्हणत नव्हती, मान हलवत नव्हती, काही मागतही नव्हती. सावली रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. "नको ना? नको ना पिऊस! मर मग!" असं तो म्हणाला, भर रस्त्यात आईला म्हणाला, आणि हातातला तांब्या तोंडाला लावून स्वतःच घटाघटा प्याला. दूध हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

तांब्या खाली घेतला तेव्हा आईचा हात पुढे आलेला होता. तिने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश, न थांबता, उरलेलं सगळं दूध पिऊन टाकलं. मग पदराने तोंड पुसलं. सावली ओट्याच्या पायरीला लागली होती.

"मघाशी का नाही घेतलंस?" त्याने विचारलं.

"तू कुठं घेतलं हुतंस?" ती म्हणाली. "तू रातचं खातोस. त्येच्यापायी माझ्याकडनं सांजचं एक सोडलं. दिवाळीपास्नं नेम हाय. आज दिसाउजेडी घेतलंस, आजचं सुटलं."

त्याला एकदम काही कळेना. "शिक्षा म्हणून?"

"शिक्षा कसली रं? कुणीतरी भरायचं त्ये. उंचावरचं घर पायजेल म्हणून मीच हट्ट धरला. तुझा नियम मोडला त्यो माझ्यामुळं."

"मग सांगितलं का नाहीस? दोन महिने! एका शब्दानं सांगायचं होतंस!"

"सांगून केलं आसतंस तर ते तुझं कसं झालं आसतं?" ती म्हणाली. दुधाने तिला जरा तरतरी आली होती. "उद्याचं बी तुज्या मनावर हाय. मी काय म्हणत न्हाई."

तुझ्या मनावर. त्याला वाटलं, याच्यापेक्षा हिनं दोरीनं बांधून ठेवलं असतं तर बरं. दोरी तोडता तरी आली असती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, आई वाचली, मुलगा सुटला, झालं. भूपालला सुटल्यासारखं काही वाटलं नाही. तिनं त्याच्यासाठी केलं होतं हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला होता, आणि आता तर तो दाखवायलाही जागा नव्हती. त्याने तिला पुन्हा उचललं. तो चढ चढू लागला. त्रिशला मागे राहात होती, मधेच भिंतीला हात लावून थांबत होती, हे त्याला ऐकू येत होतं. पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

घरी पोचेपर्यंत खरोखरच दिवस बुडाला. आता खालच्या गावातही बुडाला, पंचांगातसुद्धा. आईला आतल्या खोलीत निजवून तो स्वयंपाकघरात आला. त्रिशलाने चूल फुंकली होती, कंदील लावला होता. "वाढू?" तिने हळूच विचारलं. त्याच्या पोटात खड्डा पडला होता. "नको," तो म्हणाला.

"वाढ गं त्येला," आतून आईचा आवाज आला. "मला उचलून दमलाय त्यो."

"नको म्हटलं ना!" तो ओरडला. भिंतीकडे तोंड करून ओरडला. जेवलं तर उद्या ती जेवायची नाही, नाही जेवलं तर आज ती झोपायची नाही. ही बाई दोन्हीकडून त्याला धरून बसली होती, आणि दोन्हीकडून मायेनंच. मग त्याच्या लक्षात आलं की त्रिशला भाताचं पातेलं उतरवताना चुलीपाशी बसलीच आहे, उठत नाही. तिचा हात कमरेवर होता आणि ओठ पांढरे फटक पडले होते.

"तू जेवलीस ना?" त्याने विचारलं.

ती खाली बघत राहिली. "चारला पानं घेतच हुते," ती म्हणाली. "तवाच आत्ती पडल्या. मग ऱ्हायलंच."

एवढा वेळ तो उन्हासाठी गावभर धावत असताना ती मागे तांब्या धरून धावत होती आणि त्या तांब्यातला एक घोट तिला कुणी विचारला नव्हता. त्याने नाही, आईने नाही. "मग आत्ता जेव," तो म्हणाला. तिने आतल्या दाराकडे बघितलं. माहेरी, सासरी, जन्मात कधी तिने दिवस बुडाल्यावर अन्नाला हात लावला नव्हता. "जेव म्हणतो ना," तो म्हणाला, आणि आपणच उठून पातेलं पुढे ओढलं, पळी घेतली.

आतून घोंगडं हलल्याचा आवाज आला.

"जेव गं बाई," आई म्हणाली. "दोन जिवाची हायस. पोटातल्याला काय ठावं, दिवस का रात? जेव तू. त्येचं मी बघते काय ते."

भूपालच्या हातातली पळी भातात तशीच राहिली. त्येचं मी बघते. संध्याकाळचं तिनं त्याच्यासाठी सोडलं होतं. आता तिच्याजवळ सोडण्यासारखं उरलं होतं ते सकाळचं, एकच. त्रिशलाने ताट पुढे केलं होतं.